चिठ्ठीत आलेली बाजू

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०३६. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सबनीस साहित्य न्यासाने निकाल जाहीर केला. पारव्याची भूमिका यापुढे स्त्रीने करावी का, या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्या वाचक-प्रतिमा १५४४, 'नाही' म्हणणाऱ्या १५७४. फरक तीस.

सांगलीत विश्रामबागेतल्या घरी भरतेश मगदूम तेव्हा पावटे सोलत बसले होते. फोन मांडीवरच होता. त्यांनी आकडे दोनदा वाचले. आयुष्यभर वजनमापे निरीक्षक म्हणून दुकानदारांचे तराजू तपासलेला माणूस. आकडा एकदा वाचून त्यांचं कधी भागलं नव्हतं.

"काय लागलं वो?" आतून राजमतीबाईंनी विचारलं.

"गेली. तीस मतांनी."

राजमतीबाई हात पुसत बाहेर आल्या. "तीसच? मग परत मोजा म्हणावं की."

मगदुमांनी पान खाली सरकवलं. निकालाच्या खाली न्यासाने नमुन्यादाखल काही प्रतिमांची कारणं छापली होती. सगळ्यांत वर होती प्रतिमा क्रमांक ४१७, अचूकता शहाण्णव टक्के, मत 'नाही'. नाव : भरतेश आ. मगदूम, सांगली.

गेलेली भूमिका त्यांच्या मुलीची होती.

त्रिशला मगदूम, वय चौतीस. दहा वर्षं नाटकात, मग चित्रपटांतल्या साहसदृश्यांत. इतरांच्या नावावर इमारतींवरून उड्या मारण्यात तिची पाच वर्षं गेली होती. तीन महिन्यांच्या चाचण्यांनंतर नव्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाने पारव्यासाठी तिला निवडलं होतं. फक्त वाचकांचा कौल यायचा बाकी होता.

पारवा हा हेर पहिल्यांदा १९७१ साली आला, दीड रुपयाच्या पॉकेटबुकात. द. वि. सबनीसांनी त्याच्यावर चौऱ्याहत्तर पुस्तकं लिहिली. त्याला नाव नव्हतं, गाव नव्हतं, ओळख पटावी असा तीळदेखील नव्हता. सीमेपलीकडे जाऊन तो कागद घेऊन यायचा आणि आल्यावर कुणाच्या लक्षातही राहायचा नाही. पुढे चार चित्रपट निघाले, तीन मालिका झाल्या, पाच नटांनी पारवा केला. सबनीस २००९ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्रात एक कलम होतं : 'वाचकांना विचारल्याशिवाय पारव्यात मूलभूत बदल करू नये.'

कोणत्या वाचकांना, आणि विचारायचं कसं, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. न्यासाने दोन वर्षांपूर्वी इंटरनेटवर मतदान घेतलं, तेव्हा एक कोटी चाळीस लाख मतं पडली. पारव्याच्या सगळ्या पुस्तकांच्या सगळ्या प्रतीसुद्धा तेवढ्या छापल्या गेल्या नव्हत्या. मतदान रद्द झालं. मग पुण्याच्या डॉ. ऋजुता देवस्थळी यांची पद्धत पुढे आली.

वाचक-प्रतिमा म्हणजे चेहरा नव्हे. एका माणसाने पारव्याबद्दल जे जे लिहिलं किंवा बोललं, ती पत्रं, परीक्षणं, सभांची ध्वनिमुद्रणं एकत्र करायची. आधीच मराठी शिकलेलं एक भाषायंत्र घ्यायचं आणि त्याला या एका माणसाच्या मजकुरावर असं घोटायचं, की ते त्याच्यासारखं उत्तर देऊ लागेल. मग परीक्षा. त्या माणसाच्या मजकुराचा पाचवा हिस्सा यंत्रापासून आधीच लपवून ठेवलेला असतो. लपवलेल्या भागात तो जे बोलला, तेच प्रतिमा आपणहून बोलते का, ते पाहायचं. शंभरात ऐंशी वेळा जमलं तर प्रतिमा ग्राह्य. अशा ३११८ प्रतिमा ग्राह्य ठरल्या होत्या. त्यांतले नऊशेच्या वर वाचक आता हयात नव्हते. मेलेल्या वाचकाला लाच देता येत नाही आणि चिथावताही येत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण मानला गेला. हयात असलेल्यांनी संमतिपत्रावर सह्या केल्या होत्या. मगदुमांनीही केली होती, गेल्या वर्षी. त्रिशला चाचणीला जाणार आहे हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं.

त्यांनी ४१७चं कारण वाचायला घेतलं.

'पारवा म्हणजे न दिसणारा माणूस. बाजारात, बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत तो शेजारी बसला तरी आठवत नाही. बाईला ही मुभा नाही. ती कुठंही उभी राहिली की कुणी ना कुणी बघतंच. जिच्याकडे बघितलं जातं ती हेर होत नाही. ती फार तर नटी होते.'

हे त्यांचंच होतं, शब्दन् शब्द. पुढचे दोन परिच्छेद त्यांचे नव्हते. बत्तिसाव्या पुस्तकातल्या धर्मशाळेचा दाखला, अठ्ठावन्नाव्यातल्या तिकीट तपासनिसाची साक्ष : हे मुद्दे त्यांना कधी सुचलेच नव्हते, पण सुचले असते तर त्यांनी असेच मांडले असते. क्षणभर त्यांना बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी त्रिशलाला फोन लावला. तिने उचलला नाही. पाच मिनिटांनी निरोप आला : 'वाचलं. गुरुवारी घरी येते. तेव्हाच बोलू.'

"काय म्हणते?" राजमतीबाईंनी विचारलं.

"येते म्हणते."

"मग तोंड असं का केलंय?"

मगदुमांनी फोन त्यांच्या हातात दिला. राजमतीबाईंनी ४१७ वाचलं, चष्मा काढला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "हे तुमचं तेच ना? त्या वादविवादातलं?"

"हो."

"मशिनला सांगायचं नाही होय, ते खेळातलं होतं म्हणून?"

मशिनला कुणी सांगितलंच नव्हतं.

*

पारवा वाचक मंडळ, सांगली, दर सहा फेब्रुवारीला, सबनीसांच्या जन्मदिवशी, वादविवाद भरवत असे. २००३ सालापासून चोवीस सालापर्यंत एकदाही खंड पडला नाही. साध्या वादविवादापेक्षा एक गोष्ट वेगळी होती. कुणी कोणत्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठी टाकून ठरे. चिठ्ठ्या आतल्या खोलीत टाकल्या जात. वक्ते बाहेर आले की मगच ध्वनिमुद्रण सुरू होई. आणि आपली बाजू चिठ्ठीतली की मनातली, हे कुणी कधी, घरीसुद्धा, सांगायचं नाही. पारवा आपलं सोंग उतरवत नाही, तर त्याच्या वाचकांनी का उतरवावं? जो फोडेल त्याने अख्ख्या मंडळाला भडंग खिलवायचं. एकवीस-बावीस वर्षांत भडंग खिलवायची पाळी कुणावर आली नव्हती.

सगळी ध्वनिमुद्रणं मंडळाने गेल्या वर्षी अभिमानाने न्यासाकडे धाडली होती. सांगलीच्या एक्केचाळीस सभासदांच्या प्रतिमा मुख्यतः त्यांवरच उभ्या होत्या.

निकालाच्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत अठरा जण जमले.

"न्यासाला हाकलून द्या आधी," एक जण म्हणाला. "पारवा काय त्यांच्या बापाचा आहे?"

"न्यास गेला की कंपनी येणार. मग पारवा दुबईत नाचताना बघा."

"नाचू दे की! निदान चालू तरी राहील."

"आणि बाई झाली तर?"

"बाई झाली तर काय आकाश कोसळतंय? सबनीसांनी तो पुरुष आहे असं लिहिलंय, पण पुरुषच हवा असं कुठं लिहिलंय?"

"मग हत्तीही नको असं कुठं लिहिलंय?"

खोली हसली. मगदूम हसले नाहीत. त्यांच्या शेजारी जमीर सतारमेकर बसला होता. मिरजेत त्याची सतारी बनवण्याची पिढीजात पेढी होती. पस्तीस वर्षांची दोस्ती, आणि वादविवादात कायमचा प्रतिस्पर्धी. चिठ्ठ्यांचं नशीब असं, की २०१७, १८ आणि १९ अशा तिन्ही वर्षी 'पारवा स्त्री असावा का' हाच विषय आला. मगदुमांना तिन्ही वेळा 'नाही' मिळालं आणि जमीरला तिन्ही वेळा 'हो'.

मगदूम उभे राहिले. "माझं एक म्हणणं आहे," ते म्हणाले. "यंत्राला माणूस काय बोलला ते कळतं. का बोलला ते कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. आपण चिठ्ठ्यांचं सांगितलंच नाही. माझी अचूकता शहाण्णव का आली? मी तीन वर्षं एकच भाषण केलं म्हणून. त्यातलं एक लपवलं की उरलेली दोन ते पाठ म्हणून दाखवणार. त्यांनी मला नाही मोजलं. माझ्या चिठ्ठीला मोजलंय."

एकदम सगळे बोलू लागले. कुणाला हसू आवरेना. कुणी म्हणालं, आता सांगितलं तर लोक म्हणतील मगदुमाने पोरीसाठी कुभांड रचलं.

"म्हणतीलच," ताम्हनकर बाई म्हणाल्या. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त ग्रंथपाल, मंडळाच्या पहिल्या दिवसापासूनच्या चिटणीस. त्यांच्या पुढ्यात इतिवृत्ताची वही होती. "म्हणून कुणाच्या सांगण्यावर काही पाठवायचं नाही. कोणाला कोणती चिठ्ठी आली ते मी दर वर्षी लिहून ठेवलंय. पाठवायचं तर वहीचीच नक्कल पाठवायची. फोडायचं का गुपित? हात वर करा."

सतरा हात वर झाले. अठरावा जमीरचा होता. तोही मागाहून वर गेला.

"म्हणजे भडंग कुणाचं?" मागून आवाज आला.

"सगळ्यांचं सगळ्यांना," बाई म्हणाल्या. "बसा आता. मगदूम, तुम्ही थांबा जरा."

बाकीचे जिना उतरल्यावर बाईंनी वही त्यांच्याकडे फिरवली. ६ फेब्रुवारी २०२०चं पान होतं. निळ्या शाईतलं टपोरं अक्षर : 'प्रमुख पाहुणे उशिरा आल्याने चिठ्ठ्या टाकण्यास वेळ मिळाला नाही. श्री. मगदूम व श्री. सतारमेकर यांनी आपापल्या बाजू आपणहून घेतल्या.'

"विसरला होतात?"

मगदुमांनी त्या ओळींवरून बोट फिरवलं. "नाही," ते म्हणाले.

"मी वहीतलं एक अक्षर बदलणार नाही. पण नक्कल शनिवारी जाणार आहे. त्याआधी कुणाला सांगायचं असेल तर सांगून टाका."

*

बुधवारी सकाळी ते मिरजेला गेले. जमीरच्या कारखान्यात छताला सुकत घातलेले भोपळे टांगलेले होते. जमीर एका दांडीला पॉलिश करत होता.

"वीस सालच्या चिठ्ठ्यांचं बोल," मगदूम म्हणाले.

"त्या नव्हत्याच."

"तुलाही आठवतं."

"भरतेश, मी तुझ्यासमोर उभा होतो. पाहुणा चहा पीत होता. बाई म्हणाल्या, घ्या रे आपापलं काहीतरी. तू पटकन 'नाही' घेतलंस." जमीरने फडकं खाली ठेवलं. "ऐक. बाईंना मी सांगतो. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, बाई बाहेर पाहुण्यापाशी होत्या, म्हणून त्यांना कळलं नाही. आत आपण दोघंच होतो, असं म्हणायचं. दोन साक्षीदार, झालं! तुझी चारही भाषणं बाद, प्रतिमा बाद, पोरगी सुखी."

खोटं बोलायला एकच वाक्य लागणार होतं. नोकरीत असताना कितीतरी दुकानदारांनी मगदुमांना असंच एक वाक्य देऊ केलं होतं.

"नको," ते म्हणाले. "आणि तू का 'हो' घेतलंस त्या वर्षी?"

जमीर खाली बघून हसला. "तू 'नाही' घेतल्यावर दुसरं उरलं काय?" मग म्हणाला, "खरं सांगू? मला नको होती बाई. एकाही वर्षी नको होती. मी लहानपणी रात्रीचा पारवा व्हायचो रे, अब्बांच्या कोटात. तो बाई झाला तर माझं काय, असं वाटायचं. आणि यंत्रात माझी प्रतिमा 'हो' म्हणून बसलीये. मी बघितलं काल. अचूकता चौऱ्याण्णव!"

मगदुमांनी मनात हिशोब केला. म्हणजे भाषणं बाद झाली, तर त्यांचं एक 'नाही' जाणार होतं आणि जमीरचं एक 'हो'. सांगलीतल्या एक्केचाळीस जणांत असे आणखी किती?

"आता तरी मत बदललंय का?"

"आता तुझी पोरगी म्हटल्यावर..."

"तसं नको."

"मग विचारू नकोस," जमीर म्हणाला. "चहा घे."

*

गुरुवारी दुपारी एक वाजता त्रिशला आली. उजव्या मनगटाला पट्टी होती. राजमतीबाईंनी आधी मनगट पाहिलं, मग तिला जेवायला बसवलं, आणि नवऱ्याला डोळ्यांनीच खुणावलं की घास गिळेपर्यंत थांबा.

मगदूम थांबले नाहीत. "चिठ्ठ्यांचं तुला माहीत आहे का?" त्यांनी विचारलं, आणि सगळं सांगितलं. गुपिताचा नियम, तीन वर्षांच्या चिठ्ठ्या, एकच भाषण, शहाण्णव टक्के. त्रिशलाचा हात भाकरीवर थांबला.

"म्हणजे ते तुमचं मतच नव्हतं?"

इथे थांबता आलं असतं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होऊ लागलेलं त्यांना दिसत होतं.

"तीन वर्षांचं नव्हतं," ते म्हणाले. "वीस सालचं होतं. त्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. बाजू मी घेतली."

त्रिशलाने घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "वीस साली मी तिसऱ्या रांगेत बसले होते, अप्पा."

"माहीत आहे."

"आदल्या आठवड्यात मी तुम्हाला सांगितलं होतं, की मला नाटकाच्या शाळेत जायचंय. तुम्ही 'बघू' म्हणालात. आणि मग माईकवर. 'ती फार तर नटी होते.' लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या! ते वाक्य आधीच्या भाषणांत नव्हतं. मी सगळी ध्वनिमुद्रणं ऐकलीयेत, नंतर. कितीतरी वेळा."

"नव्हतं. तिथंच सुचलं."

"तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं म्हणून तिथून सांगितलंत ना? मला असंच वाटत आलं. फी भरलीत, प्रयोगांना आलात, हार आणलेत. मला वाटायचं, अप्पा निभावून नेतायत. मनातून वाक्य तेच आहे."

मगदुमांनी ताटाकडे पाहिलं. खरं उत्तर त्यांना ठाऊक होतं, आणि ते फारसं शोभादायक नव्हतं.

"तुझा विचारच नव्हता डोक्यात," ते म्हणाले.

"काय?"

"तू तिथं आहेस, हे लक्षातच नव्हतं. बाजू घेतली, कारण मुद्दे पाठ होते. नवं काही वाचायला नको. आणि त्या बाजूला टाळ्या जास्त पडायच्या. जमीर अडखळला, मला वाटलं आता एक फटका दिला की जिंकलो. वाक्य आलं, टाकलं. घरी येऊन झोपलो. तुझ्या वेडाला उत्तर म्हणून बोललो असतो तर निदान तुझी काळजी तरी केली असती. तेवढंही नाही."

राजमतीबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. "अहो, हे काय बोलणं झालं?"

त्रिशला बापाकडे रोखून बघत होती. मग तिला हसू फुटलं. आधी बारीक, मग ठसका लागेपर्यंत. राजमतीबाईंनी पाणी पुढे केलं.

"सोळा वर्षं!" ती म्हणाली. "सोळा वर्षं मी त्या वाक्याशी भांडतेय. इमारतीवरून उडी मारताना मनात असतं, की बघा, फार तर नटी! आणि तुम्हाला नुसती टाळी हवी होती?"

"हो."

"बरं झालं." तिने डोळे पुसले. "खरंच बरं झालं, अप्पा. निकाल दिलाय असं वाटण्यापेक्षा विसरलेला बाप परवडला."

मगदुमांना वाटलं, छातीवरचं मण-दोन मण वजन कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं. आपण माफ झालो की नाही ते त्यांना कळलं नाही. पण भूक लागली. त्यांनी दुसरी भाकरी घेतली.

"आणि आता?" त्रिशलाने विचारलं. "आत्ताचं मत काय?"

"तुझ्याबद्दल की पारव्याबद्दल?"

"पारव्याबद्दल. माझ्याबद्दल आई सांगेल."

"मुद्दा तोच. बाईकडे बघितलं जातं."

"कोणत्या बाईकडे? आई आज कोणत्या रंगाची साडी नेसलीये? बघू नका, सांगा."

मगदुमांची मान वळायला निघाली आणि थांबली. आंबा रंगाची? की ती कालची? राजमतीबाई आनंदाने वाट बघत होत्या.

"पन्नाशीची बाई, हातात कापडी पिशवी," त्रिशला म्हणाली. "बसस्टँडवर दिवसभर उभी राहिली तरी कुणाला आठवणार नाही. सबनीसांनी चौऱ्याहत्तर पुस्तकांत न दिसणारा माणूस शोधला. तो तर घरोघरी होता. मी पारवा पंचावन्न वर्षांची करणार आहे. करायला मिळाली तर. दिग्दर्शकाने मला घेतलं ते याच्यासाठी. उड्या तर काय, कुणीही मारतं."

मगदुमांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "हा मुद्दा मला खोडता येत नाही. आत्ता तरी इतकंच सांगतो."

"तेवढं पुष्कळ झालं," त्रिशला म्हणाली.

"हिरवी आहे," राजमतीबाई म्हणाल्या. "आणि मी पन्नाशीची नाही, एकसष्ट आहे. पण चालेल."

*

शनिवारी वहीची नक्कल गेली. सोबत मगदुमांचं अर्ध्या पानाचं निवेदन होतं : २०१७ ते २०१९ची भाषणं चिठ्ठीनुसार, २०२०चं स्वेच्छेने, माझी मुलगी उमेदवार आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

सोमवारी सकाळी दहा वाजता डॉ. देवस्थळींचा फोन आला. आवाज तरुण होता आणि दमलेला.

"मगदूमसाहेब, तुमचं निवेदन आम्ही तीनदा वाचलं. चूक आमची आहे. मजकूर कुठून आला हे आम्ही तपासलं, कोणत्या अटीवर बोलला गेला ते विचारलंच नाही. पुढच्या वेळी पहिला प्रश्न तोच असेल."

"आता काय करणार?"

"चिठ्ठीतली भाषणं काढून सांगलीच्या सगळ्या प्रतिमा नव्याने घडवणार. बऱ्याच जणांचा मजकूर अपुरा पडेल. अचूकता ऐंशीच्या खाली गेली की प्रतिमा बाद. तुमची एकसष्टवर येतेय. पण तुम्ही हयात आहात. दीड तासाची मुलाखत दिलीत तर आजच्या मतावर नवी प्रतिमा घडवता येईल. नियमात बसतं ते."

मगदुमांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्रिशला मुंबईला परत गेली होती. एक मत. फरक तीसचा.

"नको," ते म्हणाले. "ज्याचं दुकान, त्याने तराजू तपासायचा नसतो. माझी बाद राहू दे."

"तुमच्या मित्रांनीही हेच सांगितलं. सतारमेकर. फक्त कारण वेगळं दिलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, दीड तास बोललो तर माझंच मत मला कळेल, आणि मला ते नको आहे."

मगदूम मोठ्याने हसले. पलीकडे डॉ. देवस्थळीही हसल्या, हसताना त्या आणखी तरुण वाटल्या.

शुक्रवारी, २८ नोव्हेंबरला, दुपारी चार वाजता न्यासाने सुधारित आकडे प्रसिद्ध केले. सांगलीच्या एक्केचाळीस प्रतिमांपैकी सव्वीस बाद, पंधरा ग्राह्य. आधीच्या एक्केचाळिसांत सतरा 'हो' होते आणि चोवीस 'नाही'. उरलेल्या पंधरांत नऊ 'हो', सहा 'नाही'. एकूण 'हो' १५३६, 'नाही' १५५६. फरक वीस.

त्रिशलाने आकडे बघून फोन केला. आवाजात खट्टूपणा नव्हता. सोमवारपासून ती मराठवाड्यातल्या एका बसस्टँडवर जाऊन बसणार होती, कापडी पिशवी घेऊन, चार दिवस, कुणी ओळखतं का ते पाहायला. "भूमिका मिळो न मिळो, हे करून बघायचंच आहे," ती म्हणाली. "तुम्ही येताय का अप्पा, नोंदी ठेवायला? किती जणांनी बघितलं ते मोजायला कुणीतरी नेमका माणूस पाहिजे."

"येतो," मगदूम म्हणाले. "आईला घेऊन येतो. तिला कुणी बघतं का तेही मोजू."

त्याच दिवशी संध्याकाळी पावणेसहा वाजता न्यासाच्या कार्यालयात अकोल्याच्या वाचक मंडळाचं पत्र पोचलं. २०११ ते २०१८ या काळातल्या आमच्याही वादविवादांत बाजू चिठ्ठीने ठरत असत, असं त्यात लिहिलं होतं. वही मात्र कुणी ठेवलेली नाही. अकोल्याच्या ग्राह्य प्रतिमा तेहतीस आहेत. न्यासाने अंतिम निर्णय पुढे ढकलला आहे. बैठकीची तारीख हे लिहीपर्यंत जाहीर झालेली नाही.